बिनविरोध

माझा भाऊ वीस वर्षं वकील होता आणि त्यानंतर दहा वर्षं मंत्री. लोक मंत्रिपणाचं आधी सांगतात. मी वकिलीचं सांगते, कारण वकील होता तोवर तो माझ्याशी भांडायचा.

भांडायचा तोही रीतसर. सकाळी अंघोळ-संध्या आटोपून, कापी, म्हणजे कॉफी, पिऊन, कागदांचं बाड काखेत मारून तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहायचा. मी विळीवर भाजी चिरत असायचे. त्या दिवशी हायकोर्टात जो खटला असेल तो त्यानं मला सांगायचा आणि मी समोरच्या पक्षाची व्हायची. मला इंग्रजी येत नाही. त्यामुळे कोर्टात जे बोलायचं ते त्याला आधी आमच्या घरच्या तंजावरी मराठीत उतरवून घ्यावं लागे. तो म्हणायचा, "अक्का, तुज पटलं तर जज्जास पटेल. इंग्रजीत लबाडी झाकून जाते. तुजपुढे झाकत नाही." मुद्दा चांगला असला की माझी विळी थांबायची. कच्चा असला की दुप्पट वेगानं चालायची. शेवटी मी निकाल द्यायची. मंजूर तरी, नाहीतर नामंजूर. नामंजूर म्हटलं की त्याचं नाक लाल व्हायचं, तो दोन मिनिटं गप्प राहायचा आणि मग विचारायचा, "का म्हणून?" मग मी सांगायचे, आणि तो उभ्या उभ्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं खुणा करायचा.

मी अन्नपूर्णाबाई. भाऊ गुरुमूर्ती, आमचा गुरू, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. विशी गाठायच्या आत कपाळ पांढरं झालं आणि पुढे भावाची वकिली सुरू झाल्यावर मी तंजावरहून मद्रासला, मैलापुरात, भावाच्या घरी आले. त्याची बायको तुळसी फार गरीब स्वभावाची. आमचे आवाज चढले की ती बिचारी दार लावून घ्यायची, शेजाऱ्यांना खरंच भांडण वाटू नये म्हणून. मूलबाळ झालं नाही आणि एका तापात ती गेली. मग घरात आम्ही दोघं आणि दिवसा वेंकटरमण. वेंकटरमण त्याचा ज्युनियर, आमच्याच तंजावरकडचा. बाविशीत आला तेव्हा काळा कोट त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसे. तो भावाच्या मागे जाडजूड पुस्तकं धरून उभा राहायचा आणि मी नामंजूर म्हटलं की पुस्तकाआड तोंड लपवून हसायचा. दुपारचं जेवण तो कैक वर्षं माझ्याच हातचं जेवला.

माझ्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. सभेतली गाणी मला कळत नाहीत, देवळातल्या बायकांच्या गप्पांनी डोकं दुखतं. सकाळची ती घटका होती म्हणून दिवसाला पाठीचा कणा होता.

बावन्न साली तंजावरकडच्या लोकांनी त्याला निवडणुकीला उभं केलं. तो निवडून आला, तरी कोर्ट चालू होतं, भांडण चालू होतं. सत्तावन्न साली तो मंत्री झाला. मंत्र्याला वकिली करता येत नाही. मी त्याच्या काळ्या कोटाच्या घडीत कडुनिंबाचा पाला घातला आणि कोट ट्रंकेत ठेवला. शपथविधीला गेले नाही. विधवेनं शुभ कामात पुढे पुढे करू नये असं कोणी तोंडावर म्हणालं नाही, पण गाडीत जागा आहे असंही कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापी पिऊन तो सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराशी आला. हातात कसलेतरी कागद होते. मी विळी ओढली. तेवढ्यात बाहेरून डफेदारानं हाक मारली. डफेदार म्हणजे मंत्र्याच्या दाराशी असतो तो, पांढऱ्या पोशाखावर लाल पट्टा बांधलेला. "सार, लोक खोळंबले आहेत," असं तो तमिळमध्ये म्हणाला. भाऊ माझ्याकडे बघून हसला आणि गेला. त्यानंतर त्या दाराशी कोणी उभं राहिलं नाही.

लोक खोळंबायचेच. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं तिण्णै आहे, बसायचा दगडी कट्टा. तिथं पहाटेपासून माणसं असत. कोणाला बदली हवी, कोणाला बदली नको, कोणाच्या गावाला रस्ता, कोणाच्या रस्त्याला दिवा. भाऊ प्रत्येकाचं ऐकून घेई आणि म्हणे, "बघायला सांगतो." मग त्यानं मान वळवली की दाराच्या डाव्या बाजूला उभा असलेला डफेदार पुढे होई, कागद घेई आणि आत सेक्रेटरीकडे देई. मंत्र्यानं स्वतः बघायचं नसतं, बघायला सांगायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. हळूहळू तो मलाही तेच सांगू लागला. न्हाणीघराची मोरी तुंबली, "बघायला सांगतो." मला डोळ्यांना कमी दिसतंय, "बघायला सांगतो." आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळच्या आत माणूस यायचा. मोरीला यायचा तसा डोळ्यांनाही आला. भाऊ मात्र यायचा नाही.

एकदाच मी मधे बोलले. मंत्री होऊन वर्ष झालं असेल. पक्षाची माणसं कट्ट्यावर बसली होती आणि तो त्यांना दुसऱ्या दिवशीचं भाषण वाचून दाखवत होता. आपल्या जिल्ह्यात गावोगाव नळ आले, बायकांच्या डोक्यावरचे घडे उतरले, असं काहीतरी. सगळे माना डोलवत होते. मी दाराआडून म्हणाले, "नळ आले, पाणी कोठे आलं? मागल्या महिन्यात आपल्या गावी सरोजा वहिनीकडे गेले होते. नळास बकरी बांधली आहे." कोणीतरी खाकरलं. भावानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुढचं वाक्य वाचलं.

माणसं गेल्यावर तो आत आला. रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. म्हणाला, "अक्का, आता मी वकील नव्हे. चार माणसांपुढे मज तोडत जाऊ नकोस. लोक काय म्हणतील, घरचीच ऐकत नाही?"

"बरं," मी म्हणाले. माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते त्या दिवशी. मला फार लागलं होतं, पण सांगायचं कोणाला? ज्याला सांगायचं त्यानंच कुलूप घातलेलं. भाषण त्यानं दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं केलं. टाळ्या भरपूर पडल्या म्हणे. नळांचं मात्र त्यानं बघायला सांगितलं होतं, हेही खरं.

माणसांनी भरलेल्या घरात एकटं कसं वाटतं ते मंत्र्याच्या बहिणीला विचारावं. पाच-सहा पानं रोज उठायची. मी वाढायची आणि सगळे आटोपल्यावर एकटी जेवायची. त्यालाही एकटं वाटत असावं. रेडिओवर त्याचं भाषण झालं की पूर्वीची सवय कुठेतरी शिल्लक असल्यासारखं तो विचारायचा, "कसं बोललो, अक्का?" मी म्हणायची, "छान." तो जरा थांबायचा, आणखी काही येतंय का बघायचा. मी ताट उचलायची. दहा वर्षं त्याला सगळेच छान म्हणत होते. मीही शिकले. सगळ्यांच्या पुढे मी गेले नाही आणि मागेही राहिले नाही.

पासष्ट साली हिंदी नको म्हणून पेटलेल्या भाषेच्या दंगलीत कॉलेजातली पोरं आमच्या रस्त्यावर घोषणा देऊन गेली. तमिळ मारायला निघालेला मंत्री म्हणत होती. आत मंत्री आपल्या बहिणीला मराठीत विचारत होता, रसम उरलंय का. मला हसू आलं. त्याला आलं नाही. तो खिडकीशी जाऊन बराच वेळ ऐकत उभा राहिला. आज वाटतं, कोणीतरी त्याच्या विरुद्ध मोठ्यानं बोलत होतं, तेच तो ऐकत असावा.

सदुसष्ट सालच्या निवडणुकीत तो पडला. एकटा तोच नव्हे, त्याच्या पक्षाचे सगळेच पडले, पण प्रत्येकजण आपापल्या घरात एकटाच पडला. असतील शिते तर जमतील भुते. आठ दिवसांत कट्टा धुऊन काढल्यासारखा रिकामा झाला. सरकारी गाडी गेली, टेलिफोन मुका झाला. डफेदार शेवटच्या दिवशी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आला आणि लाल पट्टा हातात घेऊन माझ्यापुढे लहान मुलासारखा रडला. मी त्याला कापी दिली. त्याचं स्टूल दाराच्या डाव्या बाजूला तसंच राहिलं.

मला मात्र, खरं सांगते, आनंद झाला होता. मी मनात म्हटलं, आता गुरू परत येईल.

त्यानं ट्रंक उघडली, कोट काढला. कोट पोटावर बसेना, शिंप्याकडून सैल करून आणला. सनद पुन्हा चालू करून घेतली. जॉर्ज टाउनात हायकोर्टासमोरच्या गल्लीत त्याची जुनी खोली होती, ती झाडून घेतली आणि पाटी रंगवायला दिली. रंगाऱ्यानं नावाखाली आपल्या मनानंच 'माजी मंत्री' असं लिहिलं, वकील शब्दापेक्षा मोठ्या अक्षरांत. आदर म्हणून. भावानं पाटी बघितली आणि असू दे म्हणाला. मी असते तर पुसायला लावली असती. पण मला कोणी विचारलं नाही आणि मी बोलायचं सोडलं होतं.

तो रोज सकाळी बसनं जाऊ लागला. बसमध्ये माणसं उठून जागा द्यायची. वकिलांच्या खोलीत तो शिरला की सगळे उभे राहायचे, गप्पा बंद पडायच्या आणि तो बाहेर पडला की पुन्हा सुरू व्हायच्या. हे त्यानं मला एकदा जेवताना सांगितलं, हसत हसत, पण भात कालवायचं थांबवून. खटला मात्र एकही येईना. जे येत ते शिफारशीला येत. मुलाला कुठे चिकटवा, अमक्याला शब्द टाका. खटला घेऊन का येत नाहीत, म्हणून मी कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारलं, तिचा दीर कज्जेदलाल माणूस. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसापुढे आमची भांडणं कशी न्यायची, अम्मा? पाप लागेल." पडला तरी मिनिस्टरच. लोकांनी त्याला देव्हाऱ्यात बसवला आणि देवाला कोणी वकीलपत्र देत नाही.

असं वर्ष गेलं. एके दिवशी संध्याकाळी तो कोट न काढताच खुर्चीत बसला आणि म्हणाला, "अक्का, मज आता काही नको. एकदा कोर्टात उभा राहून बोलायचं आहे, आणि समोरच्यानं मज खोडून काढायचं आहे. त्यास मी उत्तर द्यायचं. एवढं एकदा झालं की पुरे."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी इतकी वर्षं त्याच्यावर मनातून रुसले होते, तो रुसवा त्या क्षणी कुठे गेला मला कळलं नाही.

म्हणून राणोजीला मीच आणलं. राणोजीचं जॉर्ज टाउनात पितळी भांड्यांचं दुकान. त्याची बायको सईबाई माझ्या माहेरच्या गल्लीतली. आई आजारी म्हणून राणोजी दुकानाला कुलूप लावून तंजावरला गेला, तिथं स्वतःच अंथरुणाला खिळला आणि परत यायला पाच महिने लागले. कायदा असा की चार महिन्यांवर भाडेकरूनं जागा वापरली नाही तर मालकाला ती परत मागता येते. मालकानं मागितली. खालच्या दोन्ही कोर्टांत राणोजी हरला होता आणि आता हायकोर्ट उरलं होतं. सईबाई माझ्यापाशी रडली. मी म्हटलं, उद्या नवऱ्याला घेऊन ये.

राणोजी आला तोही हात जोडून, कट्ट्याच्या खालीच उभा. "मिनिस्टर सार, मालकास एक शब्द टाका. आपला शब्द तो मोडणार नाही."

"शब्द टाकणार नाही," भाऊ म्हणाला. "खटला चालवीन. कागद दे."

राणोजीला ते आवडलं नाही. शब्द मिळाला असता तर त्याला हवा होता. पण सईबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं कागदांची पिशवी पुढे केली.

भावाचं वय दहा वर्षांनी उतरलं. पुस्तकं मागून आणली, कट्ट्यावर दिवा लावून वाचू लागला. समोरच्या बाजूनं वेंकटरमण उभा राहणार हे कळलं तेव्हा तर तो टाळी वाजवून हसला. वेंकटरमण आता मोठा वकील झाला होता, गाडी होती, त्याचेच तीन ज्युनियर होते. "वेंकट सोडायचा नाही, अक्का. मीच शिकवलं आहे त्यास. पहिल्याच वाक्यास धरील." असं चार-चारदा म्हणायचा.

मी वाट बघत होते. सकाळी मुद्दाम वेळखाऊ भाजी काढायची, केळफूल, नाहीतर गवारीची जून शेंग. विळी मांडून बसायची आणि दाराकडे कान. तो बाहेर कट्ट्यावर एकटाच पुटपुटायचा. एकदा दारापर्यंत आला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "पाणी दे की," आणि पाणी पिऊन गेला. त्याला आठवण नव्हती की लाज वाटत होती, देव जाणे. मी आपणहून बोलावलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, माझाही आणि त्याचाही.

खटल्याच्या दिवशी मी सईबाईबरोबर हायकोर्टात गेले. एवढी वर्षं त्या लाल इमारतीतल्या खटल्यांचे निकाल मी घरात दिले होते, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या बाकावर बसलो. वर पंखा कुरकुरत होता. आमचं नाव पुकारलं आणि भाऊ उभा राहिला. सगळी खोली गप्प झाली. त्यानं कागद दोन्ही हातांनी धरले. इंग्रजीत एक वाक्य बोलला. मला अर्थ कळला नाही, पण सूर ओळखीचा होता. स्वयंपाकघराच्या दाराशी तो असाच सुरू करायचा, खालच्या पट्टीत.

दुसरं वाक्य सुरू करणार तोच वेंकटरमण उठला. मी पुढे सरकले. धरला, पहिल्याच वाक्याला धरला, असं मी सईबाईच्या कानात म्हणालेसुद्धा. वेंकटरमण हात जोडून काहीतरी बोलला. जज्ज हसले, भावाकडे बघून मान झुकवून तेही काही गोड बोलले, आणि लिहायला लागले. सगळे वकील वळून भावाकडे हसून बघत होते. भाऊ पहिलं पान हातात धरून उभाच होता. मला वाटलं, आता सुरुवात होईल. दुसऱ्या खटल्याचे वकील पुढे येऊन त्याच्याभोवती उभे राहिले तेव्हा कळलं की संपलं होतं.

बाहेर ओसरीत वेंकटरमण धावत आला आणि माझ्या पाया पडला. "अक्का, मालकास मी समजावलं. मागल्या गल्लीत त्यास दुसरी जागा पाहून दिली. विरोध करणार नाही म्हणून कोर्टास सांगून टाकलं. सारांपुढे उभा राहून मी वाद घालू? ज्यांनी अक्षर शिकवलं त्यांस खोडू? हे हात झडतील की." त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं गुरुदक्षिणा दिली होती बिचाऱ्यानं.

भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं केलंस. सुखी राहा," म्हणाला. मंत्री असताना सभेत हार घालून घेताना तो जसा हसायचा, तसा हसला.

मला राहवलं नाही. "वेंकट, इतकी वर्षं माझ्या घरी जेवून इतकंच शिकलास?" मी म्हणाले.

"काय चुकलं, अक्का? खटला आपणच जिंकलात की," तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नाही. राणोजी तर नारळ आणि केळीचा घड घेऊन जिन्यापाशी उभाच होता, आणि भेटेल त्याला सांगत होता की मिनिस्टर सारांनी तोंड उघडलं मात्र, समोरचा गार.

बसमध्ये एकानं उठून भावाला जागा दिली. आम्ही मैलापुरात उतरलो. देवळाच्या तळ्याकडेनं चालत आलो. घरी येऊन त्यानं कोट काढला आणि स्वतःच घडी घालू लागला. ट्रंकेत ठेवायची घडी असते तशी. मग पाला कुठे आहे, असं त्यानं मला विचारलं.

मी पाला दिला नाही. केळफूल घेतलं, विळी घेतली आणि कट्ट्यावर जाऊन बसले. रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. साऱ्या जन्मात मी तिथं कधी बसले नव्हते. समोरच्या घरातल्या विजयलक्ष्मीनं खिडकीतून बघितलं आणि बघतच राहिली. भाऊ बाहेर आला.

"अक्का, येथे काय करतेस?"

"मी घरमालक. बोल."

"संपलं की ते," तो म्हणाला आणि कट्ट्यावरच्या खुर्चीत टेकला.

"तुझं संपलं. वेंकटनं माघार घेतली, मी घेतली नाही. दुकान माझं आहे. पाच महिने कुलूप होतं. वापर नाही तर जागा सोडायची, असा कायदा तुम्हीच केलात. मज माझं दुकान परत पाहिजे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. थकलेला होता, दमून गेलेला. दहा वर्षांच्या सवयीनं, अगदी मायेनं म्हणाला, "बघायला सांगतो."

"कोणास?" मी विचारलं.

त्याची मान डावीकडे वळली. तिथं डफेदाराचं स्टूल होतं आणि स्टुलावर संध्याकाळचं ऊन. तो त्या स्टुलाकडे बघत राहिला. मला भडभडून आलं. वाटलं, काय बोलून बसले मी, म्हातारा माणूस आहे, आजचा दिवस तरी सोडायचा होता. पण शब्द मागे घेतला नाही. विळीवर केळफुलाची एक पाकळी उघडली, मग दुसरी.

खुर्ची कुरकुरली. तो आत गेला. मला वाटलं, गेला निजायला. तो कागद घेऊन बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. धोतर, बनियन आणि नाकावर चष्मा.

"या राज्यातल्या लहान व्यापाऱ्यांची परिस्थिती," त्यानं सुरू केलं.

"सभा नव्हे ही," मी म्हणाले. "भाषण नको."

तो थांबला. नाकाचा शेंडा लाल झाला. पुन्हा खालच्या पट्टीत सुरू केलं. राणोजी म्हातारीच्या उशाशी होता. मी म्हटलं, दुकानात दुसरं कोणी बसवायचं होतं. पितळ पारखायला परका माणूस चालत नाही, तो म्हणाला. मग सईबाईनं बसायचं, मी म्हटलं. ती सासूचं करत होती. माल आत होता, कुलूप त्याचं होतं, भाडं थकलेलं नव्हतं. मी म्हटलं, कुलूप लावून गेलेला माणूस मेला की जिवंत आहे हे मालकानं कसं ओळखायचं? त्यानं कागद आपटले. आवाज चढला. रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकून ऐकायला उभा राहिला, मग गेला. दिवे लागले. भाऊ बोलत होता, घामाघूम होऊन, आणि माझी विळी दुप्पट वेगानं चालली होती.

शेवटी तो थांबला. मी हात पुसले.

"नामंजूर."

"नामंजूर? अक्का, कोर्टानं मंजूर केलं आहे आज."

"कोर्टानं ऐकलं कोठे? मी ऐकलं. नामंजूर."

देवळातली घंटा झाली. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता पुढचं वाक्य वाचणार, त्या नळांच्या दिवशी वाचलं होतं तसं.

"का म्हणून?" त्यानं विचारलं.

मी पदरानं तोंड पुसलं आणि मग सांगितलं. "आईचं सांगितलंस, आजाराचं सांगितलंस, मालाचं, कुलपाचं, सगळं सांगितलंस. तो परत येणार होता, हे एकदाही सांगितलं नाहीस. परत यायचं मनात होतं तर त्यानं दुकान सोडलं नव्हतं. खटला तेवढाच होता, गुरू."

त्यानं कागद दिव्याकडे धरले. एकेक पान उलटून बघितलं. "नाही की," तो हळूच म्हणाला. "कोठेच लिहिलं नाही मी."

मग पेन्सिल शोधू लागला. पेन्सिल त्याच्या कानावरच होती, मी दाखवली. त्यानं कडेला खूण केली. दुसऱ्या दिवशी कोर्टात काही नव्हतं आणि त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हतं. पुढं खटला कधी येईल याचा काही नेम नव्हता आणि ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. तरी त्यानं पहिलं पान वर घेतलं, घसा साफ केला, आणि मी उरलेलं केळफूल पुढे ओढलं.